हाताला कसब, कसबाला नाव

आमच्या रिसोड तालुक्याचा जिल्हा वाशीम, आणि वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले आणि ते भिक्षुसंघाला अर्पण केले, हे तेथील शिलालेखावरून आपल्याला कळते. त्या लेखात राजवंशाचा गौरव आहे, सचिवाच्या गुणांचे वर्णन आहे, दानाचे माहात्म्य आहे; परंतु ज्यांनी उभ्या कातळात छिन्नीने स्तंभ मोकळे केले, ज्यांनी भिंतीला लेप देऊन त्यावर रंग चढविले, त्यांचे नाव नाही. दात्याचे नाव दगडावर राहावे आणि कारागिराचे हात कामाबरोबरच विस्मृतीत जावेत, हा शिरस्ता दीड हजार वर्षे जुना आहे. आणि तो अद्याप मोडलेला नाही याचा प्रत्यय आजच्या अनेक धर्मादाय संस्थांच्या वास्तू पाहतानाही येतो. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी दर्शनी भिंतीवर असते. ज्यांच्यासाठी ती वास्तू उभी राहिली त्यांच्यापैकी कोणी पुढे स्वतःच्या धंद्याची पाटी लावली काय, याची नोंद मात्र दप्तरात क्वचितच सापडते.

दारिद्र्याने गांजलेल्या वस्तीतील स्त्रीपुरुषांना पोट भरण्याजोगे एखादे कसब शिकविण्याचे व्रत ज्या संस्था पत्करतात, त्यांच्या कार्याचा परिचय हा पुढील पानांचा विषय आहे. अन्नछत्र घालणारा भुकेची वेळ निभावून नेतो, औषध देणारा दुखणे हटवितो, आणि या दोघांचे उपकार डोळ्यांना तत्काळ दिसतात. पण कसब शिकविणारा जे देतो ते घेणाऱ्याच्या अंगी मुरावे लागते, त्याला मुदत लागते, आणि ते मुरले की नाही हे बहुधा देणारा निघून गेल्यावरच समजते. म्हणूनच या कार्याची परीक्षा अधिक कठीण आहे. ती कोणत्या कसोटीने घ्यावी एवढेच मला येथे सांगावयाचे आहे. शिकणाऱ्याच्या हाती कसबाबरोबर हत्यार, कच्चा माल, गिऱ्हाईक आणि स्वतःचे नाव या चार गोष्टी आल्या काय, हे पाहावे. त्या आल्या नसतील तर, दाखले कितीही वाटले गेले असोत, शिक्षण अपुरे राहिले असे समजावे.

रिसोड हे पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. त्याचे जुने नाव ऋषिवट असे येथील लोक सांगतात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेले, अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाचा भाव चढला, ठिकठिकाणी सरकी काढण्याचे कारखाने निघाले, आणि पाहता पाहता हा मुलूख पांढऱ्या सोन्याचा म्हणून नावाजला गेला. परंतु कापूस पिकविणे निराळे आणि कापसाचे कापड करणे निराळे. गाठी बाहेर गेल्या, त्यांच्या मागोमाग गिरणीचे कापड आत आले, आणि गावच्या मागावर बसणारे हात रिकामे झाले. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, बुरूड यांचे बलुते काही काळ टिकून राहिले. खळ्यावर धान्याची रास पडली की प्रत्येकाचा वाटा त्याच्या पदरात पडे आणि तिफण, वखर, डवरे, मोट, सूप, टोपली यांची वर्षभराची दुरुस्ती त्या वाट्यात फिटे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तिने कारागिराला पोट दिले, पण जन्माने दिलेल्या कामाबाहेर पाऊल टाकू दिले नाही, आणि गावकुसाबाहेरच्या माणसांकडून तर सर्वांत कष्टाची कामे घेऊन सर्वांत अपमानाचा मोबदला दिला.

ती व्यवस्था मोडली हे इष्टच झाले. अनिष्ट झाले ते हे की, तिच्या जागी दुसरी तजवीज कोणी केली नाही. ट्रॅक्टर आला आणि सुताराचा वाकस खुंटीला लागला. बाजारात प्लॅस्टिकचे सूप आले आणि बुरुडाच्या दाराशी येणारे गिऱ्हाईक वळले. आज आमच्या तालुक्यात सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या हंगामात मजुराला काम असते, आणि हंगाम सरला की हातावर पोट असलेली कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर किंवा पुण्यामुंबईकडच्या बांधकामांवर निघून जातात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा वाशीम जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक म्हणून दाखल झाला, यावरून त्याची आर्थिक अवस्था कोणालाही कळावी. अशा मुलखात कसब शिकविणाऱ्या संस्थेची गरज सिद्ध करण्यासाठी युक्तिवादाची आवश्यकता नाही. ती संस्था कशी असावी, याचाच विचार करणे प्राप्त आहे.

या विचाराला मला प्रवृत्त केले ते एका लहानशा अनुभवाने. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वस्तीत सहा महिन्यांचा शिवणवर्ग चालला आणि त्याच्या समारोपाला मी उपस्थित होतो. भाषणे झाली, दाखले वाटले गेले, छायाचित्रे निघाली, आणि दुसऱ्या दिवशी शिवणयंत्रे टेम्पोत भरून पुढच्या गावी गेली. वर्षभराने त्याच वस्तीत मी पुन्हा गेलो असता त्या वर्गातील एका बाईने पत्र्याच्या पेटीतून एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. जुन्या वर्तमानपत्रांतून तिने काळजीपूर्वक कापलेली ती बेतणी होती: मुंढे, गळे, बाह्या, कटोरीचे तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेले माप, आणि घडीच्या रेघेवर पिवळा पडलेला कागद. तिने ती वर्षभर उंदरांपासून जपली होती. तिच्या हातांना बेतणे येत होते. त्या हातांपुढे ना कापड होते, ना यंत्र. तो दाखला तिने भिंतीवर चौकटीत लावला होता, आणि त्याच्यावरील संस्थेचे नाव तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होते. त्या वर्गाच्या चालकांची तळमळ खोटी नव्हती. परंतु शिक्षणाचा शेवट ते जेथे समजले, तेथे वस्तुतः त्याचा आरंभ होता.

हा धडा आपल्या विदर्भाला नवीन नाही. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव घेऊन, त्याचे काम सुरू झाले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीसाचा व्यवसाय सोडून आलेले अर्थशास्त्रज्ञ होते. आणि म्हणूनच की काय, त्यांनी ग्रामोद्योगाकडे कनवाळूपणाने न पाहता ताळेबंदाच्या दृष्टीने पाहिले. बैलघाणीतून तेल अधिक कसे निघेल, हातकागदाचा लगदा कसा सुधारेल, मधमाशा पाळून शेतकऱ्याला जोडधंदा कसा मिळेल, असे प्रश्न तेथे प्रयोगाने सोडविले जात आणि तयार झालेले तंत्र खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना शिकविले जाई. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही त्या विचाराची साक्ष देत उभे आहे. हत्यार सुधारल्याशिवाय कारागीर सुधारत नाही, आणि हत्यार सुधारणे हे कारागिराचे एकट्याचे काम नसून ज्ञानी माणसाचेही कर्तव्य आहे, हे मगनवाडीचे सांगणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

त्यानंतरचे मोठे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे. वकिलीवर पाणी सोडून कुष्ठसेवेकडे वळलेले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये एवढ्या भांडवलावर दगडधोंड्यांच्या माळरानावर मुक्काम ठोकला, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या कथेतील तपश्चर्येकडे आपले लक्ष सहज जाते. तिच्यातील शिक्षणशास्त्राकडे मात्र पुरेसे गेलेले नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन हाताची संवेदना जाते, तापलेले भांडे किंवा धारेचे पाते लागले तरी कळत नाही, जखमा चिघळत राहतात आणि त्यातून बोटे झिजतात. अशा हाताला कसब शिकवावयाचे म्हणजे आधी त्या हाताला स्वतःचे रक्षण शिकवावे लागते: स्पर्शाने जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहावयाचे, मुठीला जाड वेष्टण द्यावयाचे, दिवसाअखेर तळहात उलटून निरखावयाचा. ज्याची चार बोटे गेली त्याला चार बोटांचे काम नाकारून भागत नाही. उरलेल्या एका बोटाला आणि मनगटाला कोणते काम देता येईल, हे शोधावे लागते. विहीर खणणे आणि शेती करणे यांपासून आरंभ करून हातमाग, सुतारकाम, पत्र्याच्या वस्तू, छपाई असे एकेक उद्योग त्या माळावर उभे राहिले ते या शोधातून.

परंतु कसब आले, माल तयार झाला, तरी एक अडचण उरलीच. कुष्ठरोग्याने पिकविलेली भाजी विकत कोण घेणार? आरंभीच्या काळात आनंदवनाच्या मालाला गिऱ्हाईक नव्हते. १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे राहावयास आले, त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती बांधल्या, तेथलेच अन्न खाल्ले, आणि ते पाहून भोवतालच्या लोकांचे भय हळूहळू ओसरले. यातून निघणारे तात्पर्य कुष्ठरोगापुरते मर्यादित नाही. ज्या जमातीकडे समाज संशयाने पाहतो, तिच्या हातचा माल विकला जाण्यासाठी प्रथम समाजाच्या मनावर काम करावे लागते. पारध्याचा पोर विजेचे काम उत्कृष्ट शिकला तरी त्याला घरात घेण्यास घरधनी कचरत असेल, तर त्या शिक्षणाचा अर्धा भाग घरधन्याला द्यावयाचा राहिला आहे. भिकेने माणूस खचतो आणि श्रमाने उभा राहतो, ही बाबांची श्रद्धा होती. तिला जोड एवढीच हवी की, त्या श्रमाला दार उघडून देणे हे इतरांचे काम आहे.

तिसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावाचे. खाद्यतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरून बाहेर पडलेली मुले बुद्धीने कमी नसतात, पुस्तकाच्या वाटेने त्यांच्यापर्यंत ज्ञान पोहोचत नाही एवढेच, अशी त्यांची धारणा होती. म्हणून शेती व पशुपालन, गृह व आरोग्य, ऊर्जा व पर्यावरण, आणि अभियांत्रिकी अशा चारही अंगांची कामे प्रत्येक मुलाने प्रत्यक्ष करीत शिकावीत, अशी पद्धत त्यांनी बसविली. त्यातील मर्म असे की, ही कामे खोटी नसतात. गावात कोणाला फाटक हवे असते, कोणाला जमिनीतील पाण्याची पाहणी हवी असते. विद्यार्थी ते काम मेहनताना घेऊन करतो, आणि फाटक वाकडे बसले तर गुरुजींच्या आधी गिऱ्हाईक ते परत करते. मुलाने वेल्डिंगच्या जोडावर हातोडा मारून पाहावा, जोड सुटावा, त्याने तो पुन्हा करावा. या तीन क्रियांत जे शिक्षण आहे ते कोणत्याही लेखी परीक्षेत नाही. शिकत असतानाच बाजाराशी गाठ पडल्यामुळे, शिक्षण संपल्यावर बाजाराचे भय उरत नाही.

वऱ्हाडातलेच उदाहरण पाहावयाचे तर मेळघाटात, धारणी तालुक्यातील लवादा या गावी जावे. सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने तेथे संपूर्ण बांबू केंद्र उभारले आणि कोरकू आदिवासींच्या हाती बांबूची विद्या दिली; घरे, आसने, दिवे, आणि मेळघाटच्या नावाने दूरवर गेलेल्या बांबूच्या राख्या या त्या विद्येचे फळ. बांबू हा दिसतो तितका सोपा जिन्नस नाही. कोवळा तोडला तर आकसतो, पक्व तोडून तसाच ठेवला तर त्यातील साखरेमुळे भुंगा लागून त्याचे पीठ होते. म्हणून तो बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवून, सावलीत सुकवून घ्यावा लागतो. मग पेर पाहून तो उभा चिरावयाचा, कामटीची साल राखून गाभा तासावयाचा, आणि बोटाला कुसळ न लागू देता ती इतकी पातळ करावयाची की वाकवली तर वाकेल पण मोडणार नाही. ही सफाई अंगी येण्यास महिने जातात. सुनील देशपांडे २०२१ मध्ये करोनाच्या साथीत गेले. पण विद्या हातांतून हातांत गेलेली असली की गुरूबरोबर ती जात नाही.

बांबूच्या निमित्ताने कच्च्या मालाचा प्रश्नही स्पष्ट होतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्ष मानले होते, त्यामुळे जंगलाच्या कुशीत राहणाऱ्या माणसालाही तो परवान्यावाचून तोडता वा हलविता येत नसे. शेजारी उभ्या असलेल्या मालावर त्याचा हक्क नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली, २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील लेखामेंढा या गावाला आपल्या जंगलातील बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. एवढ्या लांब वाटेवरून कायदा चालत आला तेव्हा कोठे कारागिराच्या विळ्याला बांबू मिळणे सुकर झाले. जी संस्था कसब शिकविते पण कच्चा माल कोणाच्या मालकीचा आणि कोणत्या भावाने मिळणार हे पाहत नाही, ती नांगर देऊन जमीन विसरते.

आमच्या जिल्ह्यात या विद्यांना जागा पुष्कळ आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सबंध देशातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, आणि त्या समाजाचे तांडे या मुलखात जागोजाग आहेत. तांड्यांतील आज्यांच्या कांचळ्यांवर आणि घागऱ्यांवर जे भरतकाम आहे, आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे जे टाके आहेत, त्याच जातीच्या कामाला कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी स्त्रियांनी भौगोलिक मानांकन मिळवून दिले आहे. येथे शिक्षक बाहेरून आणण्याची गरज नाही, ती आजीच शिक्षक आहे. बाहेरून आणावयाचे ते रंग न जाणारा दोरा, ठरलेले माप, आणि टाक्याची खरी किंमत जाणणारे गिऱ्हाईक. सरकारनेही ही निकड ओळखलेली दिसते, कारण १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी प्रशिक्षणाच्या दिवसांचा रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे पाच टक्के व्याजाचे कर्ज यांची एकत्र तरतूद आहे. मजुराची बायको दिवसाची मजुरी बुडवून शिकावयास बसते तेव्हा तिचे शिक्षण फुकट नसते, हे त्या भत्त्याने मान्य केले आहे. परंतु योजनेचा अर्ज भरणे, दाखले जमविणे, बँकेत खेपा घालणे हे ज्याला जमत नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचविणे, हे काम पुन्हा जवळच्या संस्थेचेच.

म्हणून पुढील पाने वाचणाऱ्यांना, आणि त्यातून आपल्या गावी असे काही करण्याची ज्यांना उमेद येईल त्यांना, माझी विनंती अशी. वर्ग उघडण्यापूर्वी गावाच्या आठवडी बाजारात चार बाजार उभे राहा आणि लोक काय विकत घेतात, काय दुरुस्त करून मागतात व कोणत्या वस्तूसाठी तालुका सोडून जातात, हे लिहून काढा. एकाच गल्लीतील तीस जणींना एकच कसब शिकवू नका. एक बाजार तीस शिंपिणी पोसत नाही. यंत्र शिकणाऱ्याच्या मालकीचे व्हावे यासाठी हप्त्याची किंवा बचत गटाची तजवीज पहिल्याच दिवशी करा. दाखला दिल्यानंतर निदान दोन वर्षे खतावणी चालू ठेवा आणि तीत किती शिकले याऐवजी किती जण त्या कसबावर घर चालवितात याची नोंद करा. आणि जो माल विकाल, त्यावर संस्थेच्या नावाआधी तो करणाऱ्याचे नाव घाला.

ज्या बाईच्या कागदी बेतण्यांचा उल्लेख मी वर केला, तिच्याकडे गेल्या संक्रांतीनंतर माझे जाणे झाले. बचत गटाकडून कर्ज घेऊन तिने एक जुने पायाचे यंत्र विकत घेतले आहे. अस्तराचे ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, पिको-फॉल एवढे काम तिला पुरते, आणि त्या वर्षी तिचे घर ऊसतोडीला गेले नाही. वर्तमानपत्राचे ते मुंढे आणि गळे तिने जाड पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीच्या खिळ्याला अडकविले आहेत. चौकटीतला दाखला आता आतल्या खोलीत गेला आहे, आणि दाराबाहेर एका पत्र्यावर निळ्या रंगाने, तिच्या मुलाच्या हस्ताक्षरात, तिचे नाव लिहिलेले आहे. खाली, 'येथे शिवून मिळेल.'

रिसोड
गुढीपाडवा